घोडीला एकच शिंगरू पेलतं

घोडी मारवाडी, वय पंधराच्या पुढचं. लग्नसराईत नागपुरात वरातीला जायची, एरवी मुक्काम काटोल रोडवरच्या तबेल्यात. गेले काही हंगाम ती गाभण राहत नव्हती. मालकांचा एकच सवाल, "घोडा चांगला हाय जी, माजावर बी बरोबर येते. मंग राहत काहून नाही?"

घोडीचा माज साधारण पाच ते सात दिवस चालतो. तेवढ्यात ते दिवसाआड घोडा दाखवायचे, म्हणजे मिलन घडवायचे. आपल्याकडे बहुतेक जण हेच करतात, आणि वयस्क घोडीचं नुकसान नेमकं इथेच होतं असं पशुवैद्य म्हणून माझं ठाम मत आहे.

शेपटी उचलून पाहिलं तर योनीमुख वरच्या बाजूने आडवं होऊन आत ओढलेलं. चार पावलं चालवली की हवा आत शिरल्याचा आवाज यायचा. त्या हवेबरोबर लीद आणि जंतूही आत जातात. अल्ट्रासाउंडमध्ये गर्भाशयात पाणी साचलेलं दिसलं. वीर्य आत गेलं की प्रत्येक घोडीच्या गर्भाशयाला थोडी सूज येतेच. निरोगी घोडी दीडेक दिवसात ती घाण बाहेर टाकते, हिला ते जमत नव्हतं. गर्भ सहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात उतरतो. तिथे सूज आणि पाणी असेल तर तो जगणार कसा? दर वेळी घोडा दाखवला की त्यात नवी भर.

आधी गर्भाशयातला स्वॅब, म्हणजे बोळ्यावर घेतलेला नमुना, तपासायला दिला आणि अहवालाप्रमाणे औषध केलं. पुढच्या माजात रोज स्कॅन. बीज वाढवणारी पुटिका (फॉलिकल) ३५ मिलिमीटरच्या वर गेल्यावर एचसीजी या बीज सोडवणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं. त्यानंतर साधारण ३६ ते ४८ तासांत बीज सुटतं. घोड्याचं वीर्य आत दोन दिवस तग धरतं, बीज मात्र जेमतेम अर्धा दिवस. म्हणून वीर्य आधी पोहोचलेलं हवं. घोडा एकदाच दाखवला.

सहा तासांनी कोमट रिंगर लॅक्टेट सलाइनने गर्भाशय धुवायला घेतलं, तर मालक धास्तावले. "सारं वीर्य वाहून जाईन ना डॉक्टरसाहेब!" चार तासांत लागतील तेवढे शुक्राणू बीजवाहिनीत पोहोचलेले असतात, हे त्यांना नीट समजावलं. नळीतून पहिलं पाणी गढूळ आलं. ते नितळ येईपर्यंत धुतलं आणि वर गर्भाशय आकुंचन पावायला ऑक्सिटोसिनचे २० युनिट दिले. बीज सुटल्याचं स्कॅनमध्ये दिसल्यावर योनीमुखाचा वरचा भाग टाके घालून बंद केला. कॅस्लिक नावाच्या अमेरिकी पशुवैद्यकाने १९३७ साली मांडलेली ही छोटी शस्त्रक्रिया आजही तितकीच उपयोगी आहे.

चौदाव्या दिवशी पडद्यावर दीडेक सेंटिमीटरचा काळा गोल दिसला, हाच गर्भ. मालकांनी हात जोडले. मी मात्र गर्भाशयाच्या दुसऱ्या शिंगापर्यंत, म्हणजे दुसऱ्या फाट्यापर्यंत, स्कॅनचा प्रोब नेला, कारण या माजात दोन बीजं सुटली होती. तिथे दुसरा गोल होता, जरा लहान.

"जुळं! बाप्पा, देवानं कसर भरून काढली," ते म्हणाले. त्या चेहऱ्याकडे बघत पुढचं बोलणं जड गेलं. घोडीला जुळं पेलत नाही. दोन्ही ठेवली तर बहुतेकदा शेवटच्या महिन्यांत दोन्ही पडतात, आणि घोडीच्याही जिवावर बेततं. सोळाव्या दिवसापर्यंत गर्भ गर्भाशयात फिरत असतात, त्यामुळे एकाला बाजूला घेता येतं. नंतर ते एका जागी रुजले, आणि तेही शेजारी-शेजारी, की काम फार अवघड होतं. मालक बराच वेळ घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "करा जी. घोडी राहिली पाहिजे."

लहान गोल हळूहळू शिंगाच्या टोकाकडे सरकवला आणि बोटांनी दाबला. पडद्यावरून तो नाहीसा झाला. मोठा आपल्या जागी शाबूत होता.

अठ्ठावीसाव्या दिवशी त्याच्या ठोक्याची लुकलुक मालकांना दाखवली. अकरा महिने वरात बंद, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. विण्याच्या दोनेक आठवडे आधी टाके उघडायला मला बोलवायचं, नाहीतर शिंगरू येताना योनीमुख फाटतं, ही तारीख त्यांनी तबेल्याच्या दारावर खडूने लिहून ठेवली आहे.