सोबत जोडले आहे

ऑफिसच्या मेलमधलं सगळ्यात बेभरवशाचं वाक्य म्हणजे ‘सोबत फाइल जोडली आहे’. पाठवणाऱ्याने ती जोडलेली असते, मेलही पोचतो, फक्त फाइलच्या जागी एक पट्टी येऊन बसते: सुरक्षेच्या कारणास्तव ही अटॅचमेंट रोखण्यात आली आहे. मग फोन.

“साहेब, पाठवलंय बघा.”

“मेल आलाय हो, आत काही नाही.”

“असं कसं? माझ्या सेंटमध्ये दिसतंय ना!”

मी खरेदी विभागात आहे. भोसरी-चाकणच्या सप्लायरांकडून दिवसभर ड्रॉइंग, कोटेशन, टेस्ट रिपोर्ट येत असतात, निदान निघालेले तरी असतात. अडलं की तोडगा ठरलेला: झिप करून टाका. झिपही अडते, कारण फिल्टर तिच्या आत डोकावतो. मग झिपला पासवर्ड, आणि तो पासवर्ड त्याच मेलच्या शेवटच्या ओळीत. म्हणजे दाराला कुलूप घालून किल्ली कडीलाच अडकवायची. एवढं करूनही, आतलं दिसत नाही म्हणून फिल्टर संशयाने ती बाजूला ठेवतो ते वेगळंच.

हा बंदोबस्त उगाच आलेला नाही. मे 2000 मध्ये फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ विषयाचा मेल जगभर पसरला. सोबतच्या फाइलचं नाव ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. विंडोज ओळखीचं एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाची शेपटी, लपवत असल्यामुळे शेवटचं ‘व्हीबीएस’, म्हणजे हे पत्र नसून प्रोग्राम असल्याची खूण, बहुतेकांना दिसलंच नाही. साधं पत्र समजून उघडलं, की अ‍ॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना तेच प्रेमपत्र, बॉससकट. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये अशा फाइली अडवायची सोय आणली. 2017 पासून जीमेलनेही ‘जेएस’, म्हणजे जावास्क्रिप्ट प्रोग्रामच्या, फाइलींना दार बंद केलं.

आकाराचं भांडण त्याहून मजेशीर. आमच्याकडे मर्यादा 25 एमबीची, ड्रॉइंग 21 एमबीचं, तरी मेल परत. सप्लायर चिडतो, आणि हिशेबाने त्याचं बरोबरच असतं. पण मेल जन्मली अक्षरं वाहायला. फाइल तिच्यातून जाताना अक्षरांचा वेश घेते, दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, आणि 21 चे 28 होतात. हे फोनवर समजावून बघा एकदा.

माझी तक्रार अडवण्याबद्दल नाहीच. अडवल्यावर पुढे काय, हे कोणी सांगत नाही, याबद्दल आहे. फाइल सोडवायला आयटीकडे तिकीट टाकायचं, उत्तर जेवणानंतर. तोवर कोणीतरी म्हणतंच, “व्हॉट्सअ‍ॅप करा ना!” आणि ज्या ड्रॉइंगसाठी गोपनीयतेच्या करारावर सह्या झाल्या, ते सुपरवायझरच्या गॅलरीत, सुप्रभातच्या गुलाबांशेजारी जाऊन बसतं. तेवढ्यात ‘थकीत बिल’ नावाची पीडीएफ, पोटात खोट्या लॉगिन पानाची लिंक घेऊन, कधीकधी राजरोस इनबॉक्समध्ये आलेली असते. एक्स्टेन्शन सभ्य आहे ना!

आता आयटीने प्रत्येक सप्लायरसाठी शेअर्ड फोल्डर काढलेत. अटॅचमेंट नाही, लिंक. उपाय चांगला आहे, मी सगळ्यांना तोच सांगतो. फक्त लिंक दाबली की अधूनमधून येतं, ‘तुम्हाला प्रवेश नाही, परवानगी मागा’. मागतो. ती मागणी फोल्डर बनवणाऱ्याकडे जाते, आणि तो दिवाळीनंतर नोकरी सोडून हैदराबादला गेलेला असतो.