तुम्ही विचारलेत म्हणून: पन्नास हारांमधले शून्य

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांनंतर पालक आणि शिक्षक मला हटकून विचारतात की गणिताच्या इतिहासासारख्या विषयावर मुले तासभर कशी रमतात. माझे उत्तर इतकेच आहे की व्याख्यानातले पहिले काम मुलांच्या हातांना द्यावे आणि माहिती त्यामागून येऊ द्यावी.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. तिथल्या इ. स. 876 च्या शिलालेखात 270 हात लांब व 187 हात रुंद अशा बागेची आणि देवळाला रोज द्यायच्या 50 हारांची नोंद आहे, आणि 270 व 50 या आकड्यांत आजच्यासारखे वाटोळे शून्य आहे. पूर्वी हे सारे मी पडद्यावर चित्रे दाखवून सांगत असे. मुले निमूट ऐकत आणि बाहेर पडताच विसरत. आता मी आरंभी शून्याचे नावही काढत नाही. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, एवढे सांगून सभागृहाची भिंत मोजायला लावतो. मागच्या वेळी चौथीतल्या मुलीच्या मापाने ती 17 हात भरली आणि दहावीतल्या मुलाच्या मापाने 13. मग बाग मोजणाऱ्याचा हात केवढा असेल, हा वाद मुलेच सुरू करतात, आणि त्यात मी लवकर पडत नाही. त्यानंतर फळ्यावरच्या 270 आणि 50 मधली शून्ये एखाद्या मुलाला पुसायला सांगतो. बाग 27 हातांची उरते, देवाच्या वाट्याला 5 हार येतात, आणि स्थानिक किंमत म्हणजे काय हे वेगळे समजावावे लागत नाही.

आपल्या मुलांची एक अडचण महाराष्ट्रातल्या वक्त्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ती घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात, त्यामुळे 'एकशे सत्त्याऐंशी' ऐकले की अनेक जण मनात भाषांतर करू लागतात आणि तोवर पुढचे वाक्य निसटते. म्हणून प्रत्येक संख्या उच्चारतानाच मी लिहितो, आणि 'स्थानिक किंमत' म्हणताना 'स्थानीय मान' व 'प्लेस व्हॅल्यू' हेही जोडतो. दृष्टी अधू असलेल्या मुलांसाठी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून मूळ आकड्यांची वळणे उमटवली आहेत, आणि आता ती सगळ्याच मुलांना हवी असतात (शिलालेखातले शून्य शेजारच्या आकड्यांहून लहान आहे, हे बोटांना चटकन कळते).

किशोरवयीन मुलांशी मात्र पूर्ण खरे बोलावे लागते. 'जगातले पहिले शून्य ग्वाल्हेरचे' म्हटले की टाळ्या पडतात, पण कंबोडियातल्या एका शिलालेखात शक 605, म्हणजे इ. स. 683, हे वर्ष कोरलेले असून त्यात शून्याच्या जागी टिंब आहे. हे सांगितल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, टिंब म्हणजे नुसती रिकामी जागा, की संख्या?" गणिती ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्येच शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले होते, एवढेच तिला सांगून मी थांबलो. सभागृहाचे दिवे मालवले तरी ती आणि तिच्या मैत्रिणी जिन्यात उभ्या राहून, शून्यातून शून्य वजा केले तर नेमके काय वजा होते, यावर भांडत होत्या.