जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीकडे जाताना : माझा अनुभव

मी सांभाळत असलेली एक छोटी लायब्ररी (म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येईल असा तयार कोड) बरीच वर्षे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीखाली प्रसिद्ध होत होती. तीत मला अपाची या दुसऱ्या एका मुक्त परवान्याच्या २.० आवृत्तीखालील एक घटक वापरायचा होता. त्या परवान्यातील पेटंटविषयक काही अटींमुळे तो जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळत नाही, तिसऱ्या आवृत्तीशी मात्र जुळतो, असे जीपीएल प्रसिद्ध करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने स्पष्ट केलेले आहे.

म्हणून २९ जून २००७ रोजी आलेली तिसरी आवृत्ती मी सलग वाचून काढली. पेटंटचे अकरावे कलम क्लिष्ट आहे आणि ते मला दोनदा वाचावे लागले. आठवे कलम मात्र मनापासून पटले. दुसऱ्या आवृत्तीत अटींचा भंग होताच परवान्याने दिलेले हक्क आपोआप संपतात आणि ते परत कसे मिळवायचे याविषयी परवाना काहीच सांगत नाही. तिसऱ्या आवृत्तीत भंग थांबवल्यास हक्क तात्पुरते परत मिळतात आणि त्यानंतर ६० दिवसांत कॉपीराइटच्या हक्कधारकाने नोटीस दिली नाही, तर ते कायम होतात. शिवाय त्या हक्कधारकाची ही पहिलीच नोटीस असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली, तरीही हक्क कायमचे परत मिळतात. नकळत चुकणाऱ्याला एवढी सवलत असायलाच हवी, असे माझे मत आहे. नेटवर्कवरून वापरल्या जाणाऱ्या सुधारित प्रोग्रामचा सोर्स कोड वापरकर्त्यांना देण्याची अट घालणाऱ्या एजीपीएलचाही विचार केला. पण माझी लायब्ररी वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावरच चालत असल्याने तो लगेच बाजूला ठेवला.

खरे काम फाइलींच्या शीर्षटीपांमध्ये, म्हणजे प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला परवाना सांगणाऱ्या मजकुरात होते. ज्या फाइलींवर ‘दुसरी किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती’ असे लिहिले होते, त्यांच्यासाठी कोणाचीच परवानगी लागणार नव्हती. काही फाइलींवर आवृत्तीचा उल्लेखच नव्हता. अशा वेळी प्रसिद्ध झालेली कोणतीही आवृत्ती निवडण्याची मुभा दुसऱ्या आवृत्तीचे नववे कलमच देते. अडचण होती ती ‘फक्त दुसरी आवृत्ती’ असे लिहिलेल्या, इतरांनी योगदान म्हणून दिलेल्या फाइलींची. त्यांचा कॉपीराइट ज्याचा त्याचा असल्याने निर्णय मी एकट्याने घेऊ शकत नव्हतो. मी प्रत्येकाला ईमेल पाठवून संमती मागितली आणि आलेली उत्तरे प्रकल्पाच्या भांडारातच जपून ठेवली. एकाचा काही केल्या पत्ता लागेना. मौन म्हणजे संमती असे इथे धरता येत नाही. त्यामुळे त्याचा भाग काढून टाकला आणि त्याचा कोड न पाहता एका सहकाऱ्याने तो नव्याने लिहून दिला.

‘किंवा त्यानंतरची’ असे लिहिलेल्या फाइलींच्या शीर्षटीपा मी मुद्दाम बदलल्या नाहीत. नव्या घटकासह एकत्रित लायब्ररी तिसऱ्या आवृत्तीखाली जाते, एवढे वाचा-फाइलीत नोंदवले. पुढे एका वापरकर्त्याने विचारले, की त्याचा प्रकल्प लिनक्स कर्नलप्रमाणे (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याप्रमाणे) फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, तर त्याने काय करावे? संपूर्ण नवी लायब्ररी त्याला आपल्या प्रकल्पात मिसळता येणार नाही, पण आधीची प्रकाशने आणि नव्या घटकावर अवलंबून नसलेल्या त्या जुन्या फाइली दुसऱ्या आवृत्तीखालीच घेता येतील, असे मी त्याला कळवले.