लायडन: यादी न करता घालवलेला एक शनिवार

पुण्याहून कुणी आलं की त्याला ॲमस्टरडॅमचे कालवे दाखवायचे, गर्दीत धक्के खायचे आणि संध्याकाळी पाय चेपत बसायचं, हा ॲमस्टरडॅमला खेटून असलेल्या ॲमस्टलवेनमध्ये राहणाऱ्या आम्हा मंडळींचा ठरलेला कार्यक्रम. या खेपेला मी संप केला. कालवेच बघायचेत ना, मग नेदरलँड्समधल्याच लायडन या छोट्या शहरात चला म्हटलं. जूनमधला शनिवार, आम्ही पाच जण, आणि अट एकच: बघायच्या ठिकाणांची यादी करायची नाही.

स्किपोल विमानतळावरून रेल्वेने वीसेक मिनिटं, ॲमस्टरडॅम सेंट्रलवरून पाऊण तासाच्या आत. तिकीट काढायलाच हवं असं नाही, बँकेचं कार्ड फाटकावर टेकवलं तरी चालतं. फक्त चढताना जे टेकवलं तेच उतरताना टेकवा. पुणेकर मित्राने जाताना कार्ड टेकवलं आणि बाहेर पडताना मोबाइल. कार्ड एकच, पण यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे प्रवासी. त्यामुळे दोन अर्धवट प्रवास आणि दोन्हींचा भुर्दंड.

स्टेशनपासून गाव चालत दहा मिनिटांवर. वाटेत १७४३ सालची द फाल्क पवनचक्की लागते. आत संग्रहालय आहे, पण जिने शिडीसारखे उभे, म्हणून आम्ही खालूनच फोटो काढले. चालताना लाल डांबराची पट्टी दिसली की ती सायकलींची. तिथे उभं राहून फोटो काढणाऱ्याला डच माणूस घंटी वाजवतो, थांबत मात्र नाही.

शनिवार मुद्दाम निवडला होता. बुधवारी आणि शनिवारी गावातून वाहणाऱ्या ‘नवी ऱ्हाइन’ नदीच्या काठाने बाजार भरतो. फुलं, भाज्या, गरम स्ट्रूपवाफल (मधे पाक भरलेली पातळ वाफल बिस्किटं), तळलेले मासे. आणि चीजच्या गाड्यावर ओळखीचा वास: जिरं! लायडनच्या पारंपरिक चीजमध्ये जिरं घालतात, आणि त्यावर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन किल्ल्यांचा छाप असतो. तेच शहराचं बोधचिन्ह. मागितलं की चव बघायला तुकडा देतात. कडक शाकाहारी असाल तर रेनेट (चीजसाठी दूध जमवायला घालतात तो पदार्थ) प्राण्याचं आहे का, ते आधी विचारा, बऱ्याचदा असतं.

आमच्यातल्या मालवणच्या मैत्रिणीने कांदा घातलेला हेरिंग मासा मागवला. पहिला घास घेतला आणि म्हणाली, “ह्येका नुसता मीठ लावल्यानी!” तरी दुसराही तिनेच संपवला. या माशाला इथे मान आहे. १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याने शहराला वेढा घातला, लोक उपाशी मरायला लागले, तेव्हा स्पेनच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या डच बंडखोरांनी बांध फोडून शेतं बुडवली आणि त्या पाण्यावरून होड्या आणल्या. ३ ऑक्टोबरला शहर सुटलं. होड्यांतून आले ते हेरिंग आणि पांढरा पाव. आजही ३ ऑक्टोबरला गावात तेच वाटतात. त्या दिवशी गेलात तर जत्रा मिळेल, निवांतपणा मिळणार नाही.

दुपारी विजेवर चालणारी छोटी होडी दीड तासासाठी भाड्याने घेतली. अशा लहान, संथ होड्यांना परवाना लागत नाही, पण उन्हाळ्यातल्या शनिवारी आधी आरक्षण करा. उजव्या बाजूने चालवायची आणि पुलाखाली डोकं सांभाळायचं. सुकाणूची काठी डावीकडे ढकलली की होडी उजवीकडे जाते, एवढं मालकाने तीनदा सांगितलं. तरी पहिल्याच वळणावर आम्ही विलोच्या फांद्यांत घुसलो. काठावर बिअर पीत बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण शहर खरं कळलं ते पाण्यावरूनच. रापेनबुर्ख कालव्यावर दोन्हीकडे दाट घरं, विद्यापीठाची जुनी इमारत (हे विद्यापीठ १५७५ चं, वेढा सोसल्याचं बक्षीस), आणि थोडं पुढे एकदम मोकळी हिरवळ. एवढ्या दाटीत बाग कशी? १८०७ च्या जानेवारीत इथे दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं. दीडशेच्या वर माणसं गेली, गल्ल्याच्या गल्ल्या सपाट झाल्या. एका बाजूच्या रिकाम्या जागेत बाग झाली, समोरच्या बाजूला पुढे प्रयोगशाळा. त्याच प्रयोगशाळेत १९०८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांनी हेलियम वायू द्रवरूप केला, उणे २६९ अंशांवर. जूनमध्ये स्वेटर घालून कुडकुडणाऱ्या पुणेकराला मी हे मुद्दाम सांगितलं.

उरलेल्या वेळात एकच गोष्ट करायची तर बुर्ख्तवर चढा. मानवनिर्मित टेकाडावरचा गोल कोट आहे, प्रवेश फुकट, आणि वरून सगळी कौलं दिसतात. झाडांची आवड असेल तर त्याऐवजी होर्टुस, १५९० ची वनस्पतीबाग. तिथे तिकीट आहे. भिंतींवर रंगवलेल्या कविता मात्र शोधायला जाऊ नका, शंभराच्या वर आहेत, आपोआप दिसतात. चुकून एखाद्या होफ्येत, म्हणजे मधे अंगण असलेल्या जुन्या वाड्यात शिरलात तर आवाज खाली. तिथे लोक राहतात.

छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, वाऱ्यात छत्री उलटते. बऱ्याच ठिकाणी रोख घेत नाहीत. स्वच्छतागृह जिथे कॉफी घ्याल तिथेच उरका, बाहेर पैसे मोजावे लागतात.

आणि चीज हवाबंद पाकिटात बांधून मागा. आमचं पुण्याला जायचं होतं, पण रविवारी सकाळी पोह्यांबरोबरच संपलं.