ईमॅक्समध्ये संत्र्याचा भाव आणि डॉम-बाय-क्लासचा ताप

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये एचटीएमएल पार्स करायला (वेबपान तोडून त्याची रचना काढायला) फार काही लागत नाही. लिबएक्सएमएल-पार्स-एचटीएमएल-रीजनला बफर दिलं की अख्खं पान लिस्पची (ईमॅक्सच्या भाषेतली) यादी होऊन हातात येतं. माझं एक्स्टेन्शन म्हणजे एका साइटवरून संत्र्याचा आजचा भाव उचलून मोडलाइनवर (खिडकीच्या तळाच्या पट्टीवर) दाखवायचा, एवढंच. मामांची काटोलला बाग आहे. आंबिया बहाराची तोड लागली की रोज सकाळी त्यांचा नागपूरला मला फोन असतो. मोडलाइनवर आकडा यायला एक बैठक पुरली.

मग मामा म्हणाले, "काऊन रे, कालचाच भाव सांगून रायला का तू?"

पानावर आजच्या भावाच्या खान्याचा क्लास (टॅगवर लावलेलं नाव) ‘रेट’, कालच्याचा ‘रेट-ओल्ड’, आणि कालचा खाना आधी. क्लासवरून टॅग शोधणाऱ्या डॉम-बाय-क्लासला ‘रेट’ मागितला तर त्यानं दोन्ही दिले, पहिला कालचा. एरर नाही, वॉर्निंग नाही, आकडाही अगदी पटण्यासारखा! हे फंक्शन तुमचा शब्द रेजेक्स (कुठेही जुळला तरी चालणारा नमुना) म्हणून क्लासच्या अख्ख्या स्ट्रिंगवर चालवतं. डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनसोबतच्या माहितीत) तसं लिहिलंय, कबूल. पण जावास्क्रिप्टमधून आलेला माणूस हे नाव वाचून काय समजेल? नेमका तोच क्लास मिळेल, असंच ना? बरं, दोन्ही बाजूंनी बॅकस्लॅश-बी (शब्दाची सीमा) लावलं तरी ‘रेट-ओल्ड’ आहेच, कारण हायफनपाशी शब्द संपतो. डॉम-बाय-आयडीची तीच गत.

शेवटी डॉम-सर्च घेतलं आणि अट स्वतः लिहिली: क्लासची स्ट्रिंग स्प्लिट-स्ट्रिंगनं तोडायची आणि तुकड्यांत ‘रेट’ आहे का ते मेंबरनं बघायचं. क्लास नसलेल्या टॅगवर क्लास वाचून देणारं डॉम-ॲट्र निल (म्हणजे काहीच नाही) देतं आणि स्प्लिट-स्ट्रिंग तिथेच आपटतं, म्हणून ‘ऑर’ लावून रिकामी स्ट्रिंग द्या. त्या दिवशी भाव बरोबर आला तेव्हा मीच मामांना फोन लावला.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: दुसऱ्याच्या मशीनवर चालवणार असाल तर लिबएक्सएमएल-अव्हेलेबल-पी तपासा, ते ईमॅक्स २७ पासून आहे. सगळ्याच ईमॅक्समध्ये लिबएक्सएमएल ही पार्स करणारी लायब्ररी घालून बिल्ड केलेलं नसतं. आणि हवा तो टॅग गाठायला यादीच्या मुळापासून तिसरा, चौथा असं मोजत खाली उतरू नका. पानाच्या वर, एचटीएमएल टॅगच्याही आधी, कुणी एखादी कमेंट टाकली की यादीचं मूळ ‘एचटीएमएल’ न राहता ‘टॉप’ होतं आणि सगळी मोजणी घसरते.