फोटोच्या पाठीमागे

“आजी, सहा बाजूंची पेन्सिल आहे का गं घरात?”

मे महिन्यातल्या दुपारी सदाशिव पेठेतल्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावरून हा प्रश्न ऐकू आला, की समजावं, सुट्टी लागलेल्या कुणीतरी माळ्यावरून कॅसेटींचा डबा खाली काढलाय. गोल पेन्सिल चालत नाही. कॅसेटच्या चाकाला आतून सहा दाते असतात. षटकोनी पेन्सिल त्यांत अडकते, गोल नुसती गरगरते. आता पेन्सिल शोधायची म्हणजे घरभर ड्रॉवर उघडणं आलं, आणि ड्रॉवर उघडले की उरलेली दुपार गेलीच.

घरच्यांच्या आठवणी जमवायच्या, हा प्रकल्प कॉलेजनं दिलेला नसतो. मार्क नाहीत, जर्नल नाही, शेवटच्या तारखेची बोंब नाही. म्हणून तो बहुधा चौथ्या दिवशी बारगळतो. टिकलाच, तर कॅसेटींमुळे टिकतो, कारण तिथे घाई चालतच नाही. साठ मिनिटांची कॅसेट संगणकात उतरवायला साठ मिनिटंच लागतात. त्याआधी ती एकदा शेवटापर्यंत गुंडाळून परत आणायची, कारण वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या फितीचे थर कुठे घट्ट, कुठे सैल झालेले असतात. फितीमागची नमद्याची इवलीशी गादी जागेवर आहे ना, बघायचं; तिचा गोंद वाळून ती गळून पडते आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. प्लेअरमधला रबरी पट्टा सैल पडला असेल, तर आजोबा आहेत त्याहून संथ आणि जाड आवाजात बोलतात, आणि ऐकणारे म्हणतात, “असाच होता हो त्यांचा आवाज!” तसा नव्हता. पट्टा बदला.

आणि सगळ्यांत आधी, कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे मोडायचे. ते असले, की चुकून दाबलेल्या एका बटणानं बारसं पुसलं जातं. जुन्या मंडळींनी तर मोडलेल्या खाचांवर चिकटपट्टी लावून मुद्दाम वर गाणी भरून घेतलीत. कोरी कॅसेट महाग होती आणि बाळ काय, घरातच होतं. खाली गेलेलं काही वर येत नाही. जे उरलंय ते मात्र कमी जागेत कोंबू नये. साध्या वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते, ती द्यावी. पाठवण्यापुरती एमपीथ्री मागाहून होते.

फोटोंचं काम झटपट होतं, म्हणून तिथे चुका जास्त. मोबाइलनं टिपला, तर वरच्या ट्यूबलाइटची तिरीप नेमकी नवरीच्या कपाळावर. स्कॅनरवर ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, ठेवलं, तर ४ बाय ६ इंची फोटो ३६०० बाय २४०० ठिपक्यांचा होतो, पुष्कळ झाला. बॉक्स कॅमेऱ्याच्या सव्वादोन इंची चौकोनी ठशांना १२०० द्यावं, म्हणजे मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो उपटायचा नाही. दात साफ करण्याचा मेण नसलेला दोरा (फ्लॉस) कोपऱ्यातून मागे सरकवायचा आणि करवतीसारखा सावकाश पुढेमागे ओढायचा. नाहीच निघाला, तर पानासकट स्कॅन करावा. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर दिसतात, कारण निळसर रंग आधी उडतो. ते लगेच ‘सुधारू’ नयेत. आधी आहे तसा ठेवावा, खेळ त्याच्या प्रतीवर करावा.

फोटोची पाठ मात्र स्कॅन कराच. स्टुडिओचा शिक्का तिथे असतो आणि कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं ‘चि. बाळ, ५ वा महिना’ही तिथेच असतं. आपल्याला काही लिहायचं असेल, तर तेही मऊ पेन्सिलीनंच. बॉलपेननं लिहिलेलं पुढे चेहऱ्यावर उमटतं.

पुण्यात नदीकाठच्या पेठांमधल्या कित्येक घरांत अल्बम सुरूच होतो १२ जुलै १९६१ नंतर. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, आणि त्या पाण्यात भिजले ते फोटो एकमेकांना चिकटले. कागदावरचा जिलेटीनचा थर पाण्यात फुगतो आणि वाळताना शेजारच्याला धरून बसतो. अशा घरी ‘त्याआधीचे फोटो कुठे आहेत?’ असं विचारू नये. ‘पाणी कुठवर आलं होतं?’ असं विचारावं. आजी उठून भिंतीला हात लावून दाखवते.

प्रश्नांचं सगळीकडे असंच. ‘तुमचं बालपण कसं होतं?’ याला उत्तर ‘चांगलं होतं’. संपलं. त्यापेक्षा बंब कुठे असायचा, रॉकेलच्या रांगेत कोण उभं राहायचं, रात्री कोण कुठे झोपायचं, हे विचारावं आणि कागद पुढे करून वाड्याचा नकाशा काढायला लावावा. हात चालला की तोंड चालतं. फोन फ्लाइट मोडवर, घडी केलेल्या नॅपकिनवर, बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर. पंखा बंद. मे महिन्यात हे अवघड आहे, म्हणून सकाळी आठला बसावं. आणि माणूस थांबला, तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. खरं ते बऱ्याचदा थांबल्यानंतर येतं.

तारेला ओवलेली पत्रं सापडली, तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांत मुलं होतात, पास होतात, बदल्या होतात, कोपऱ्याला हळद-कुंकू लावलेल्या पत्रिका येतात, आणि कुणीच मरत नाही. मयताचं कार्ड वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. इतक्या वर्षांच्या गठ्ठ्यात एकही मृत्यू नाही. फक्त एखादं अक्षर मधूनच यायचं बंद होतं. पत्रं तारखेनं लावली तरच ते कळतं.

लावायचं म्हणजे नावं द्यायची. आधी वर्ष, मग जागा, मग माणूस, म्हणजे फाइली आपसूक क्रमानं बसतात. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या घरी, कोथरूडच्या आत्याकडे वगैरे. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्याला प्रत म्हणत नाहीत.

अडतं ते माणसाच्या नावाशी. पर्वतीच्या पायऱ्यांवर नऊवारीतली एक बाई, उन्हानं डोळे बारीक केलेले. तिला ओळखायला घरातल्या मोठ्यांना एकत्र बसवू नये. सर्वांत वडील माणूस बोललं की बाकीचे माना डोलावतात. एकेकट्याला विचारावं. आजी म्हणते, मावशी. काकाआजोबा म्हणतात, छे, मावशीला इतका लांब शेपटा कुठला, ही शेजारची. तिसरं कुणी आता उरलेलं नाही. मग फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह टाकायला जावं, तर विंडोज ते घेत नाही.

तेव्हा, ‘१९५८-पर्वती-बहुतेक-मावशी’.