खारे वारे आणि जुने पत्रे

जुन्या मोटारीचा सर्वांत मोठा शत्रू कोण, असे मुंबईतल्या कोणत्याही मुरलेल्या डेंटिंगवाल्याला विचारले, तर तो अपघाताचे किंवा खड्ड्यांचे नाव घेणार नाही, हवेचे घेईल. समुद्रावरून येणारी दमट, खारी हवा दारांच्या खालच्या कडांत, डिकीच्या तळाशी आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला मुक्काम करते, रंगाखाली बारीक पुटकुळ्या उठतात आणि वरून धडधाकट दिसणारा पत्रा एके दिवशी अंगठ्याने दाबला तरी आत जातो. हे सगळे तोंडपाठ असलेली माणसे जिवापाड जपलेल्या गाड्या शनिवार-रविवारी बाहेर काढतात आणि नेतात कुठे, तर समुद्रकाठी. माझे भाऊजी जुन्या गाड्यांच्या अशाच एका मंडळाचे सभासद आहेत. गेल्या जानेवारीत या मंडळाची अलिबागला दोन दिवसांची सहल निघाली, तेव्हा मागच्या सीटवर बसून या विसंगतीचा छडा लावण्याची आयती संधी मला मिळाली.

भाऊजींची गाडी १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती त्यांच्या वडिलांनी घेतलेली. कागदोपत्री पद्मिनी असली तरी घरात तिला कोणी पद्मिनी म्हटल्याचे मला आठवत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या या गाडीला मुंबई शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला हँड गिअर, पुढे तिघांना सहज सामावून घेणारी सलग सीट आणि दाराच्या काचेपुढची ती त्रिकोणी छोटी काच, जी तिरकी केली की वारा थेट मानेवर येतो. हीच गाडी काळ्या-पिवळ्या रंगात हजारोंनी रस्त्यावर होती, तोवर खासगी फियाट बाळगणाऱ्याकडे लोक काहीशा कीव आल्यासारखे पाहत असत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि कालपर्यंत जी अडगळ होती, तिला वारसा म्हणण्याची रीत पडली. भाऊजींना या नव्या कौतुकाचा थोडा रागच आहे, पण सिग्नलला कोणी फोटो काढू लागले की ते कोपर खिडकीवर टेकवून नीट बसतात, हेही खरे.

सायनजवळ पहाटे ताफा जमला, तेव्हा उजाडायचे होते. एक गोलमटोल डुक्कर फियाट, एक दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड, कापडी टपाची विलीज जीप, आणि काही अँबॅसडर. इंग्लंडमधल्या मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर बेतलेली ही गाडी कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली, त्यामुळे तिच्यात जुनी कोणती आणि नुसतीच थकलेली कोणती, हे ओळखायला जाणकार लागतो. एक फार देखणी परदेशी गाडी मात्र ट्रकच्या पाठीवर बसून, ताडपत्री पांघरून आली होती. ती अलिबागला उतरणार, फोटोला उभी राहणार आणि पुन्हा ट्रकवर चढणार, असा तिचा कार्यक्रम होता. तिच्याबद्दल कोणी उघड वाईट बोलले नाही, पण चहाच्या वेळी तिच्या मालकाशेजारी उभे राहायला कोणी गेलेही नाही, आणि मला ते योग्यच वाटले.

याचे कारण भाऊजींनी वाशीच्या पुलावर गाडी तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात टाकता टाकता सांगितले. धावून गाडी जितकी झिजते, त्याहून अधिक ती उभी राहून खराब होते. बॅटरी उतरते, ब्रेकचे सिलिंडर धरतात, रबरी सील सुकून चिरतात, टायर एकाच जागी चपटे होतात आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल हळूहळू उडून जाऊन जेटच्या बारीक भोकात चिकट थर मागे ठेवते. आता पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही, हे दुखणे त्यात नव्याने वाढले. यावर उपाय एकच, गाडी दीड-दोन तास सलग पळवणे, म्हणजे इंजिन पुरते तापून तेलातला आणि सायलेन्सरमधला ओलावा निघून जातो. दादर ते माहीम अशा तीन सिग्नलच्या फेऱ्यांनी हे साधत नाही. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवली, तर ती रोजच्या कामाला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. म्हणजे भाजी आणायला बंदी आणि सहलीला परवानगी! सरकारच्या एखाद्या नियमावर माणसे इतकी खूश असलेली मी क्वचितच पाहिली आहेत.

पण सहल समुद्राकडेच का, याचे उत्तर मला कर्नाळ्याच्या खिंडीच्या अलीकडे आपोआप मिळाले. डावीकडे सह्याद्रीची रांग उन्हात येत होती आणि ताफ्यातली प्रत्येक गाडी तिच्याकडे पाठ फिरवून चालली होती. मुंबईहून पूर्वेला निघाले की बोरघाट तरी लागतो, नाहीतर कसाऱ्याचा घाट. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या इंजिनाला ती चढण म्हणजे तापमानाच्या काट्यावर डोळे लावून केलेला प्रवास आणि उतरताना ब्रेकची परीक्षा. घाट टाळायचा म्हटले की उरते ती डोंगर आणि खाडी यांच्यामधली कोकणाची चिंचोळी पट्टी, उत्तरेला डहाणू-बोर्डीपर्यंत आणि दक्षिणेला अलिबाग-मुरूडपर्यंत. अलिबागच्या वाटेवर कर्नाळा आणि पुढे कार्ले खिंड एवढाच काय तो चढ. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बॅटरी भरायला पुरेसे आणि वेळ आलीच तर टोइंग करून घरी आणता येईल इतके जवळ. या मंडळींना समुद्राची ओढ असेलही, पण त्यांच्या गाड्यांना मुळात सपाटीची ओढ आहे, आणि सपाट रस्ता जिथे संपतो तिथे नेमका समुद्र आहे.

लंडनची जुन्या गाड्यांची मंडळी दर नोव्हेंबरात पहाटे हाइड पार्कहून निघून ब्रायटनच्या किनाऱ्यावर जातात, तेही अंतर साठ मैलांचे, जवळपास आपल्या अलिबागाएवढेच. मोटारींची वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर नेणारा कायदा १८९६ मध्ये झाला, त्या आनंदात पहिली फेरी निघाली होती, आणि आज तिच्यात १९०५ पूर्वीच्याच गाड्या घेतात. त्यांच्या हिशेबात आमची फियाट म्हणजे शाळकरी पोर.

जाण्याच्या वाटेवरून मंडळात आधी बरीच खडाजंगी झाली होती. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवली की तासाभरात मांडवा येतो, पण मग गाडी धावली कुठे, हा एका पक्षाचा सवाल. अटल सेतूने गेले तर वेळ वाचतो, पण जवळपास २२ किलोमीटरच्या त्या पुलावर गाडी बंद पडली तर चहाची टपरी नाही की झाडाची सावली नाही, हा दुसऱ्याचा. शेवटी वाशी-पनवेल-पेण हा जुनाच रस्ता ठरला. तो निर्णय किती शहाणपणाचा होता, ते वडखळच्या कोंडीत दिसून आले. ऊन चढले होते, गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या आणि ताफ्यातली एक गाडी दोन आचके देऊन गप्प झाली. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलच्या नळीतच वाफ धरली की पंप नुसताच हवा ढकलत राहतो. नव्या गाडीचा मालक अशा वेळी फोन काढतो. येथे मागेपुढे उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांतून माणसे उतरली आणि प्रत्येकाच्या हातात ओले फडके होते. पंपावर फडके गुंडाळून, वर गार पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, एवढाच इलाज, पण त्यावर जितकी मते तितके वैद्य. मालक बिचारा बाजूला उभा राहून सर्वांना लाडू वाटत होता. सकाळपासूनच्या प्रवासात मंडळी इतकी उल्हसित मला तेव्हाच प्रथम दिसली.

अलिबागला पोहोचल्यावर मला एका वेगळ्याच गोष्टीची गंमत वाटली. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदींमध्ये त्या विजेने बिघाड होणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली नवी चुंबकीय वेधशाळा अलिबागच्या किनाऱ्यावर उभी राहिली, आणि मोजणीत व्यत्यय नको म्हणून तिच्या इमारतीतून लोखंड कटाक्षाने वगळले गेले. १९०४ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत आहेत. मुंबईच्या वाहनांना कंटाळून जी संस्था खाडीपार येऊन बसली, तिच्याच गावात आम्ही टनावारी लोखंड मिरवत आलो होतो. ताफा अर्थातच तिच्यापासून दूर, मुक्कामाच्या वाडीत नारळीच्या बागेत लागला. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालायची नाही, हा मंडळाचा कडक नियम आहे, आणि तेथे रुतलेली एक चकचकीत नवी एसयूव्ही लोक ओढून काढत असताना आमच्यापैकी काहींनी तो नियम अनोळखी माणसांनाही मोठ्या आवाजात समजावून सांगितला.

संध्याकाळी वाडीवाल्यांनी पोपटी लावली. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी असे सगळे मडक्यात भरून ते जाळात पालथे घातले होते, आणि ते शिजेपर्यंत बोलणे सुटे भाग या एकाच विषयाभोवती फिरत राहिले. ऑपेरा हाउसच्या कोणत्या दुकानात अजून मूळ वायपर मिळतो, कुर्ल्याच्या भंगारबाजारात कोणी हेराल्डची काच धरून ठेवली आहे, स्प्रिंगचे पाटे कोणाकडून कमानदार करून घ्यावेत. समुद्र पन्नास पावलांवर होता. त्याच्याकडे पाहायला ताई आणि मी असे दोघेच गेलो.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी प्रत्येक गाडी गोड्या पाण्याने खालून धुतली जाते. चाकांचे कोनाडे, चासी, दारांखालची पाणी निथळायची भोके, यांतले मीठ घरी न्यायचे नाही. वाडीतल्या विहिरीच्या पंपाला नळी लावून भाऊजी दीड तास गाडीखाली आडवे होते आणि त्या अवधीत न्याहारी दोनदा गार झाली. घरी परतताना पुढच्या सहलीचे ठिकाण ठरवण्यासाठी सूचना मागवण्यात आल्या, तेव्हा बहुतेकांनी मुरूड म्हटले, दोघांनी बोर्डी म्हटले. ताईने मात्र गाड्या घरी ठेवून रेल्वेने माथेरानला जाण्याचा प्रस्ताव मांडला आहे, आणि तो मंडळापुढे अद्याप विचाराधीन आहे.